५७ प्रश्नांची खरी उत्तरे

निशिकासाई, टोकियो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर आईने ‘आवाज खोल गेल्यासारखा का वाटतो’ असे विचारले, तेव्हा मी सर्दीचे निमित्त सांगून विषय टाळला. ते खरे नव्हते. काय झाले ते तुम्हाला सविस्तर कळावे, म्हणून हे पत्र.

जपानमध्ये ५० किंवा अधिक माणसे कामाला असतील त्या प्रत्येक ठिकाणी डिसेंबर २०१५ पासून वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांच्या मानसिक ताणाची तपासणी करणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे त्यासाठी ५७ प्रश्नांचा संच देतात. काम फार करावे लागते का, कामाची पद्धत स्वतःला ठरवता येते का, वरिष्ठांशी कितपत मोकळेपणाने बोलता येते, झोप नीट लागते का, असे ते साधे प्रश्न असतात. आजवर मी सगळीकडे ‘उत्तम’ अशाच खुणा करत आलो. बाबा, कारखान्यात असताना तुम्हाला चक्कर येत असे, पण दवाखान्यातली चिठ्ठी सुपरवायझरच्या टेबलावर जाते म्हणून तुम्ही ते दुखणे अंगावर काढलेत. माझ्या खुणांमागेही तीच भीती होती.

यंदा मात्र मी सोबतचे माहितीपत्रक नीट वाचले. निकाल थेट कर्मचाऱ्याच्या हाती येतो आणि त्याच्या संमतीवाचून कंपनीला तो पाहता येत नाही. कंपनीला मिळतो तो विभागाचा एकत्रित निष्कर्ष, आणि दहांहून कमी माणसांच्या गटाचा सहसा तोही दिला जात नाही. एवढे कळल्यावर मी प्रथमच खरी उत्तरे लिहिली. निकाल ‘अतिताण’ असा आला.

अवघड भाग त्यापुढे होता. अशा माणसाला डॉक्टरांची भेट मागता येते, पण तो अर्ज कंपनीकडेच करावा लागतो आणि तेथे नाव उघड होते. अर्ज केला म्हणून कोणाचे नुकसान करण्यास कायद्याने मनाई आहे, हे ठाऊक असूनही माझा अर्ज दोन आठवडे टेबलाच्या खणात पडून होता. शेवटी सलग चौथ्या रात्री झोप लागली नाही, तेव्हा सकाळी पहिले काम म्हणून तो दिला.

५० किंवा अधिक माणसांच्या कार्यालयांना नेमावेच लागणारे हे डॉक्टर. त्यांना येथे ‘सांग्योई’ म्हणतात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. मी घरी किती वाजता पोहोचतो, जेवतो केव्हा, शेवटची पूर्ण सुटी कधी घेतली, हे शांतपणे विचारले आणि तीन महिने जादा काम व रात्रीच्या बैठका बंद ठेवाव्यात, असे मत कंपनीला कळवले. २०१९ पासून येथे जादा कामाला साधारणपणे महिन्याला ४५ तासांची मर्यादा आहे. माझे तास त्या मर्यादेच्या आतच होते, तरी शरीर थकले होते. आता माझ्याकडील एक काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेले आहे.

बाबा, कंपन्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी योगवर्ग आणि चालण्याच्या स्पर्धा असे कार्यक्रम ठेवतात, त्यांनी काही साधते का, असे तुम्ही विचारले होते. अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीच्या अशाच आरोग्य कार्यक्रमाचा, सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षानंतर कार्यक्रमातील लोक आपण अधिक व्यायाम करतो असे सांगत होते, पण रक्तदाब, वजन आणि औषधपाण्याचा खर्च यांत लक्षणीय फरक पडला नव्हता. मला याचे नवल वाटले नाही. माझ्या घरासमोरच्या बांधकामावर मजूर रोज सकाळी रेडिओच्या पियानोवर कवायत करतात. १९२८ मध्ये सुरू झालेला हा प्रघात आईला फार आवडेल, मलाही आवडतो. पण रात्री उशिरा सुटणाऱ्या माणसाला सकाळच्या कवायतीपेक्षा संध्याकाळी सातला घरी जाण्याची मुभा अधिक हवी असते, आणि मला ती त्या डॉक्टरांच्या एका पानाने मिळवून दिली.

आता आठ वाजता वरण-भात लावतो आणि अकराच्या आत झोप लागते. डॉक्टरांची दुसरी भेट महिनाअखेरीस आहे. पुढच्या रविवारी मी भारतीय वेळेनुसार सायंकाळी फोन करीन. आईने जे विचारायचे ते विचारावे, मी सर्दीचे कारण पुढे करणार नाही.

तुमचा आज्ञाधारक मुलगा