पर्यटकाचा पैसा गावात राहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा (गाड्यांसह प्रवासी नेणारी बोट) सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई अलिबाग तालुक्याच्या दाराशी आली. शनिवार-रविवारी नागाव, वरसोलीच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण या गर्दीचा लाभ गावकऱ्यांच्या पदरात फार थोडा पडतो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या चौलच्या वाडीतील निम्म्याहून अधिक नारळी-पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला पाच-सहा वर्षे जातात. तेवढा काळ पडवीलगतच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवूनच आमचे घर चालले. थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, भोवती पेंढा पेटवून आम्ही पोपटी लावतो, तेव्हा मुंबईची मुले धुराने डोळे चोळत मडके उतरण्याची वाट पाहत बसतात. त्यांना दिलेले शहाळे आमच्या झाडाचे, मासळी शेजारच्या कोळणीकडची आणि रिक्षाही गावातली असते. म्हणूनच एका मोठ्या रिसॉर्टपेक्षा अशी वीस घरे गावाला अधिक देतात, असे माझे ठाम मत आहे.

मात्र कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणीसाठी गेल्यावर सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांची संमती मला मागितली गेली. कोकणात वडिलोपार्जित वाडीचे हिस्सेदार मुंबई-पुण्याला पांगलेले असतात. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्येच आले; त्याचा लाभ सामायिक जमीन कसणाऱ्यालाही मिळावा, यासाठी प्रत्यक्ष वहिवाट आणि ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा मानावा.

दुसरी मागणी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची. भातकापणीनंतर शेतातल्या ओलीवर येणाऱ्या या गोड कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी रस्त्याकडेला बाहेरच्या कांद्याच्या माळा अलिबागच्या म्हणून खपवल्या जातात आणि आमच्याच तालुक्यातल्या कार्ले-खंडाळे गावांतील शेतकरी बाईला भावासाठी घासाघीस करावी लागते. मांडवा जेट्टीवर महिला बचत गटांना अल्प भाड्यात कायमचे गाळे मिळाले, तर बोटीतून उतरणाऱ्याला खरा कांदा मिळेल आणि पिकवणारीला रास्त दाम.

पावसाळ्यापूर्वी जिल्हा प्रशासनाने या दोन्ही बाबींवर ग्रामपंचायती, वाडीमालक आणि बचत गटांची एकत्रित बैठक बोलवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाडीमालक, चौल (ता. अलिबाग, जि. रायगड)