निळ्या रिबिनवाली काय म्हणाली?

मॅडम, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो सर, काय त्यात" म्हणून विषयच बदलता, म्हणून लिहून टाकतोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय. नाव घेत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

आपण अजून एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तुम्ही भामरागडकडे इंद्रावतीच्या बाजूला, मी इकडे धडगावात नर्मदेच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्राची दोन टोकं. तुमची पोरं घरी माडिया बोलतात, माझी पावरी. पुस्तक मात्र दोघांकडे एकच, मराठी.

व्हॉट्सॲपवर 256 च्या वर माणसं बसत नव्हती तेव्हाचा आपला तो शिक्षकांचा ग्रुप, पहिल्या दिवसापासून फुल्ल. मी त्यात विचारलं होतं की पहिलीची पोरं तोंडच उघडत नाहीत, कोणी काही सुचवेल का? सहा अंगठे आले, दोन हात जोडलेले, एका साहेबांनी कुठल्यातरी प्रशिक्षणाची लिंक टाकली आणि खाली "सर्वांनी 100% पूर्ण करावे". त्यावर लगेच गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. संपला विषय. आणि ती प्रशिक्षणं कशी पूर्ण होतात हे आपल्याला माहीतच आहे, व्हिडिओ म्यूट करून फोन चार्जिंगला लावायचा, संध्याकाळी सर्टिफिकेट डाउनलोड. मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

तुम्ही एकट्याच पर्सनलवर आलात. "सर, तुमच्या वर्गाचा व्हिडिओ पाठवता का? जसा असेल तसा." मला आधी रागच आला, खरं सांगतो. 24 वर्षांच्या नोकरीत वर्गात जो कोणी आला तो काहीतरी तपासायलाच आला. फॉर्मवर टिक मारायची, शेरा लिहायचा, चहा प्यायचा, निघायचं. पण पाठवला. इथं रेंज टेकाडावर गेल्यावर येते, म्हणून शहाद्याला बहिणीकडे गेलो तेव्हा तिच्या वायफायवर अपलोड केला, पंधरा मिनिटांचा. मनात म्हटलं आता येईल लांबलचक मार्गदर्शन.

रात्री साडेअकराला तुमचा मेसेज. "सर, 7 मिनिटं 40 सेकंदाला मागं बसलेली निळ्या रिबिनवाली काहीतरी बोलते. दोनदा बोलते. काय म्हणते ती?"

बस्स, एवढंच. माझी शिकवण्याची पद्धत चूक की बरोबर, फळ्यावरचं अक्षर कसं, त्याबद्दल एक शब्द नाही.

मी परत लावून बघितलं. मी कोंबडीचं चित्र धरून उभा आहे, आणि ती पोरगी म्हणतेय "कुकडी". मी तिकडं न बघता म्हणतो, "कोंबडी. म्हणा, कोंबडी." ती पुन्हा म्हणते, जरा हळू, "कुकडी". मी पुन्हा, "कोंबडी". मग ती खाली बघते आणि व्हिडिओ संपेपर्यंत वर बघतच नाही. मॅडम, ही पोरं तोंड उघडत नाहीत म्हणून मी वर्षभर सांगत फिरत होतो, आणि इथं उघडलेलं तोंड मीच बंद करतोय, तेही माझ्याच मोबाईलमध्ये रेकॉर्ड होऊन! झोप लागली नाही त्या रात्री.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या माडिया शब्दांच्या वहीचे फोटो आले, मी पावरीची वही सुरू केली. माझं पावरी बाजारात भाव विचारण्यापुरतं, त्यामुळे खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्या गुरू झाल्या. फळ्यावर पहिला शब्द लिहिला "कुकडी". त्यातला क आधी शिकवला, मग कोंबडीतला क दाखवला. निळी रिबिन उठून फळ्यापर्यंत आली आणि दोन्ही क वर बोट ठेवलं. आता ती इतकी बोलते की गप्प बस म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना मला बरं वाटतं.

डिसले गुरुजींना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता, सगळे त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडबद्दल बोलत होते. मला त्यांची दुसरी गोष्ट लक्षात राहिली, अर्धी रक्कम त्यांनी सोबतच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकली. वाटण्याची ही वृत्ती ज्याच्यात असते त्याच्यात असते, ॲप डाउनलोड करून ती येत नाही. तुमच्याकडे वाटायला पैसा नव्हता, तुम्ही झोपेची वेळ दिलीत, एका अनोळखी म्हाताऱ्या मास्तराच्या वर्गाला, तेही दिवसभर स्वतःचे दोन वर्ग सांभाळून.

परवा तुम्ही म्हणालात की तुमच्या तिसरीच्या पोरांचं वजाबाकीत हातच्याला अडतंय. तर मॅडम, व्हिडिओ पाठवा. जसा असेल तसा. रविवारी मी शहाद्याला आहे, हेडफोन घालून शेवटपर्यंत बघतो, मागच्या रांगेसकट.

तुमचा,
धडगावचा सर