तारीख ठरलेल्या पैशासाठी ट्रेझरी बिले

कोल्हापूर

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीची रक्कम एकरकमी हाती आली की सल्ला देणाऱ्यांची वाण राहत नाही, आणि त्यात आता माझीही भर पडते आहे. पण तू प्रश्न नेमका विचारला आहेस, म्हणून उत्तरही नेमके देतो. आर. के. नगरमधील घराच्या बांधकामासाठी बाजूला काढलेले पैसे वर्षभरात टप्प्याटप्प्याने लागणार आहेत, तोवर ते बँकेमार्फत सरकारी ट्रेझरी बिलांत ठेवावेत का, असे तुझे विचारणे आहे. त्या पैशांपुरते होय, बाकीच्या रकमेसाठी नाही. आणि मुदत ठेवीपेक्षा जास्त मिळेल या अपेक्षेने ठेवणार असशील, तर घराच्या पैशांसाठीही नको.

ट्रेझरी बिल म्हणजे केंद्र सरकारने अल्प मुदतीसाठी घेतलेले कर्ज. मुदती तीनच : ९१ दिवस, १८२ दिवस आणि ३६४ दिवस. त्यावर व्याज असे दिले जात नाही. १०० रुपये दर्शनी किमतीचे बिल वटावाने, म्हणजे त्याहून कमी किमतीला विकले जाते आणि मुदत संपली की सरकार पुरते १०० रुपये देते. मधला फरक हीच आपली मिळकत. किमान १०,००० रुपयांचे घ्यावे लागते आणि पुढे १०,००० च्या पटीत. सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते, सर्वसाधारणपणे दर बुधवारी, आणि बिले दुसऱ्या दिवशी खात्यावर येतात. कोणत्या आठवड्यात किती रकमेची बिले निघणार, याचे तिमाही वेळापत्रक रिझर्व्ह बँक आधीच जाहीर करते. भारतात ही बिले पहिल्यांदा १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या खर्चाच्या ओढाताणीत निघाली. पुढे स्वातंत्र्यानंतर काही दशके सरकार ठरीव दराने (१९७४ पासून ४.६ टक्के) रिझर्व्ह बँकेलाच तात्पुरती बिले देऊन हवा तेवढा पैसा उचलत असे. ती सोय १ एप्रिल १९९७ पासून बंद झाली. आज बिलाला मिळणारा दर बाजारात ठरतो, सरकारच्या मर्जीवर नाही. तुझ्या-माझ्यासारख्याच्या दृष्टीने या इतिहासातले एवढेच कामाचे.

आता हिशेब. ९१ दिवसांच्या बिलाचा भाव ९८ रुपये ६० पैसे निघाला असे धरू. एक लाख रुपये दर्शनी किमतीच्या बिलासाठी तू ९८,६०० रुपये मोजलेस आणि ९१ दिवसांनी तुझ्या खात्यात १,००,००० जमा झाले. मिळकत १,४०० रुपये. या १,४०० ला ९८,६०० ने भागायचे, ३६५ ने गुणायचे आणि ९१ ने भागायचे. वार्षिक दर येतो सुमारे ५.७ टक्के. हे गणित तू मुलांना सरळ व्याजाच्या प्रकरणात आयुष्यभर शिकवलेस, तेव्हा त्यावर जास्त शाई खर्च करत नाही. लक्षात एवढेच ठेव की भागाकार १०० ने नव्हे, प्रत्यक्ष मोजलेल्या रकमेने करायचा. वटावाचा आकडा पाहून दर सांगणारे काही विक्रेते ही बाब सोयीस्करपणे विसरतात.

भाव लिलावात ठरतो म्हटल्यावर आपल्याला बोली कशी लावता येणार, ही शंका तू काढलीसच आहे. तशी लावायची नसते. दराची बोली बँका, म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्या यांच्यासारखे मोठे खरेदीदार लावतात. किरकोळ बचतदारासाठी बिगर-स्पर्धात्मक बोलीची सोय आहे : आपण फक्त रक्कम सांगायची, आणि यशस्वी ठरलेल्या स्पर्धात्मक बोलींची जी भारित सरासरी, म्हणजे रकमेच्या प्रमाणात काढलेली सरासरी, किंमत निघेल, त्या किमतीला बिल आपल्याला मिळते. एका लिलावात एका व्यक्तीला एकच बोली देता येते. कोल्हापूरच्या गूळ बाजारात मोठ्या व्यापाऱ्यांनी सौदा काढावा आणि चार रवे नेणाऱ्याला त्याच सरासरी भावाने माल मिळावा, अशातलाच हा प्रकार. लहान माणसाची यात फसगत होत नाही, हे मला या व्यवस्थेतले सर्वात चांगले वाटते.

बँकेची भूमिका यात मध्यस्थाची आहे. बँक तुझ्या नावाने गिल्ट खाते, म्हणजे सरकारी रोखे ठेवण्याचे खाते, उघडते, तुझ्यासारख्या अनेकांच्या मागण्या एकत्र करते आणि रिझर्व्ह बँकेकडे एकच बोली पाठवते. त्यासाठी तिला दर १०० रुपयांमागे ६ पैशांपर्यंत आकार घेता येतो, म्हणजे लाखाला जास्तीत जास्त ६० रुपये. हा आकार वेगळा दाखवावा लागतो. बिलाच्या किमतीत मिसळता येत नाही. साठ रुपये ही रक्कम किरकोळ दिसते, पण ९१ दिवसांच्या बिलावर वर्षाच्या हिशेबाने ती जवळजवळ पाव टक्का खाते, आणि वर्षात चार वेळा बिल घेतलेस तर चारही वेळा द्यावी लागते.

प्रत्यक्षात शाखेत काय घडते, तेही सांगतो. येथील एका बँकेच्या शाखेत मी पहिल्यांदा ट्रेझरी बिलाचा अर्ज मागितला, तेव्हा काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने अत्यंत अदबीने खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्यासमोर विमा योजनेचे रंगीत माहितीपत्रक उलगडले. मी पुन्हा विचारल्यावर त्याने मुख्य कार्यालयाला फोन लावला, आणि ‘ते काम मुंबईच्या ट्रेझरी विभागातून होते, ईमेल करा’ असे उत्तर मिळाले. त्या मुलाला मी दोष देत नाही. विम्याचे उद्दिष्ट त्याच्या डोक्यावर असते. ट्रेझरी बिलाचे कोणी देत नाही. पण गडहिंग्लजहून एसटीने येऊन तू अशा काउंटरवर तासन्‌तास घालवावेस, असे मला वाटत नाही.

म्हणूनच माझा सल्ला असा की बँकेतील खाते पैशाची ये-जा करण्यासाठी वापर आणि बिले रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ या सोयीतून घे. ती १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली आणि मे २०२४ पासून तिचे मोबाइल ॲपही आहे. खाते उघडण्यास पॅन, ओळखीचा पुरावा, बचत खाते, मोबाइल क्रमांक आणि ईमेल लागतो. खाते उघडायला आणि चालवायला शुल्क नाही, बोलीवरही आकार नाही. वहिनींचे नाव संयुक्त धारक म्हणून घालता येते; नामनिर्देशन तर पहिल्याच दिवशी भरून टाक. पैसे नेट बँकिंगने किंवा यूपीआयने भरता येतात. भाव आधी ठाऊक नसल्यामुळे भरताना रक्कम किंचित जास्त घेतली जाते आणि वाटप झाल्यावर उरलेली परत येते. त्यामुळे पहिल्याच खेपेला ‘जास्त कापले’ म्हणून घाबरू नकोस. बुधवारच्या लिलावासाठी सोमवार-मंगळवारीच मागणी नोंदवून मोकळे व्हावे. मुदत संपली की कोठेही न जाता, काहीही न भरता, पूर्ण रक्कम जोडलेल्या बचत खात्यात येऊन पडते. पासबुकात व्याजाची वेगळी ओळ दिसत नाही, एकच गोल आकडा दिसतो. ऑगस्ट २०२५ पासून बिले आपोआप घेण्याची आणि मुदतीनंतर पुन्हा गुंतवण्याची सोयही तेथे आली आहे, पण तुला ती नको. तुझ्या पैशांना ठरलेल्या वेळी बाहेर यायचे आहे.

मग बँकेची मुदत ठेव काय वाईट, असे तू विचारशील, आणि ते रास्त आहे. दरात ठेव बऱ्याचदा बिलाच्या बरोबरीला असते, कधी वरही असते. फरक सुरक्षिततेत आहे आणि तो रक्कम मोठी झाली की दिसू लागतो. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखच होते. हे संरक्षण नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे, पण पतसंस्थांना नाही. आपल्या जिल्ह्यात सहकाराचे जाळे गल्लीगल्लीत पोचलेले आहे, त्याने अनेकांची घरे उभी केली, आणि ओळखीच्या संचालकाच्या शब्दावर आपली माणसे आयुष्याची पुंजी ठेवतात. त्या सहकाराविषयी मला आदर आहे. तरीही तुझ्या मेहुण्यांनी सुचवलेल्या पतसंस्थेत एक-दीड टक्का जादा मिळतो म्हणून घराचे पैसे ठेवणे मला मान्य नाही. तो जादा टक्का विमा नसलेल्या जोखमीचाच मोबदला आहे. ट्रेझरी बिलामागे केंद्र सरकार असल्याने पाच लाख आणि पंचवीस लाख यांत सुरक्षिततेचा फरक राहत नाही, रक्कम चार बँकांत वाटत बसावे लागत नाही.

अडचणीही आहेत. बिल मुदतीपूर्वी मोडता येत नाही. ठेव दंड भरून मोडता येते. बिल मात्र दुय्यम बाजारात, म्हणजे दुसऱ्या गुंतवणूकदाराला, विकावे लागते, आणि दरम्यान दर वाढले असतील तर भाव कमी येतो. शिवाय लहान रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेलच असे नाही. दुसरे म्हणजे आजचा दर पुढच्या खेपेला मिळण्याची हमी नाही. २०२० च्या उत्तरार्धात ९१ दिवसांच्या बिलांवर जेमतेम सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मिळत होते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.५० वर आणला, तेव्हा बिलांचे दरही पाठोपाठ उतरले. ज्याला महिन्याचा खर्च यातून चालवायचा आहे, त्याच्यासाठी हे साधन नव्हे.

कराचे थोडक्यात सांगतो. बिलावरची मिळकत करमुक्त नाही. ती तुझ्या उत्पन्नात धरून तुझ्या स्लॅबप्रमाणे कर भरावा लागतो. ठेवीच्या व्याजाप्रमाणे येथे उगमकर (टीडीएस) कापला जात नाही, त्यामुळे विवरणपत्र भरताना ही मिळकत दाखवण्याची जबाबदारी तुझी. खरेदीची आणि परतफेडीची नोंद एका वहीत ठेव आणि सनदी लेखापालाला दाखव.

आता तुझ्या रकमेची वाटणी. निवृत्तीनंतरच्या घरखर्चासाठीचे पैसे आधी वेगळे कर आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार कर. तुला साठ पूर्ण नसली तरी ५५ नंतर निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्या योजनेत ठेवता येतात. मर्यादा ३० लाखांची आहे, एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे आणि व्याज दर तिमाहीला मिळते. ही ३ महिन्यांची मुदत हुकवू नकोस, बिलांची घाई त्यापुढे काहीच नाही. उरलेल्या घराच्या पैशांपैकी पायासाठीची रक्कम दिवाळीनंतर लागणार, ती आत्ता ऑगस्टमध्ये ९१ दिवसांच्या बिलात ठेव. स्लॅब फेब्रुवारीअखेरीस म्हणतोस, त्यासाठी १८२ दिवसांचे. रंग आणि फर्निचर पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी, त्यासाठी ३६४ दिवसांचे. प्रत्येक बिल गरजेच्या दोन आठवडे आधी संपेल असे पाहा. ठेकेदार उशीर करील तर पैसे बचत खात्यात थोडे पडून राहतील, त्यात विशेष नुकसान नाही. पण सिमेंटचा भाव चढतो आहे म्हणून त्याने आधीच आगाऊ मागितले तर अडचण नको, यासाठी दोन-अडीच लाख साध्या मोडता येणाऱ्या ठेवीत ठेव.

आणखी एक. ‘सरकारी बिलांत पैसे दुप्पट’ असे सांगणारा फोन आला किंवा मोबाइलवर दुवा आला, तर उघडूसुद्धा नकोस. रिझर्व्ह बँक कोणाला फोन करून गुंतवणूक मागत नाही.

ठेकेदाराने दिलेले हप्त्यांचे वेळापत्रक मला पाठवून दे, म्हणजे कोणत्या बुधवारी किती रकमेची मागणी नोंदवायची ते दोघे मिळून ठरवू. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला येणार असशील तर पॅन आणि पासबुक घेऊन सरळ घरीच ये. खाते उघडण्याचे काम माझ्या संगणकावर करून टाकू आणि जेवूनच जा.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत