काटा दोरा धरतो

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू आणि ऋतानं पाठवलेला संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांचा नमुना काल पोचला. हार सुरेख दिसतो. पण डबा उघडला तेव्हा नऊ दाणे तळाशी पडले होते, आणि कंबरपट्ट्यावरचे दाणे बोटाला चिकटत होते. चाळीस सेटांच्या ऑर्डरी घेण्याआधी हे दोन दोष काढायला हवेत. हलवा गुळगुळीत घेतलास म्हणून दाणे सुटले, आणि पांढऱ्या गमनं डकवलास म्हणून चिकट झाले.

हलव्याचा काटा, म्हणजे दाण्यावरची साखरेची बारीक टोकं, दिसायला छान म्हणून असतो, असं सगळ्यांना वाटतं. दागिन्यात त्याचं काम दोरा धरण्याचं. हलव्याला भोक पाडता येत नाही, सुई टोचली की दाणा दुभंगतो. म्हणजे हा दागिना ओवायचा नाही, बांधायचा. शिवणाचा सुती दोरा दुहेरी घे, त्याचा सैल फास कर, दाणा त्यात धरून दोरा काट्यांच्या मधल्या खोबणीत बसव आणि ओढ. मग दाणा फिरवून मागच्या बाजूनं दुसरी गाठ मार. एकाच गाठीचा दाणा हार हलला की फिरतो आणि दोन दिवसांत निसटतो. फार जोरात ओढलंस तर काटे मोडतात आणि दोरा पुन्हा ढिला पडतो. किती ओढायचं ते बोटांना पन्नासेक दाण्यांनंतर कळतं. नायलॉनचा दोरा नको. तो घसरतो आणि काटाही कापतो.

गम पाण्याचा असतो, साखर पाणी पिते. दाण्याचं बूड विरघळतं, वरून कोरडं दिसतं, आणि दमट हवेत तिथूनच पाझर सुटतो. बाजूबंद, मुकुट, कंबरपट्टा यांच्या पुठ्ठ्यावरही आधी दाण्यांची सर बांधून घ्यायची आणि ती सर दर दोन दाण्यांनंतर टाका घालून पुठ्ठ्यावरच्या कापडाला शिवायची. अगदीच चिकटवायची वेळ आली, नथीच्या टोकाला वगैरे, तर कमी तापमानाची ग्लू गन वापर. थेंब कापडावर टाकायचा, दोन क्षण थांबायचं आणि मग दाणा ठेवायचा. तापलेला थेंब थेट साखरेवर पडला तर तिथे पिवळा डाग उरतो.

आता हलवा. सगळा घरी करायचा हट्ट धरू नका, चाळीस सेटांना ते झेपणार नाही. एका नवरीच्या सेटला साधारण ६०० दाणे लागतात. पाच मिलिमीटरचा दाणा ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे सेटला ६० ग्रॅम. चाळीस सेटांना २ किलो ४०० ग्रॅम झाला. पण विकतच्या हलव्यात लहानमोठे, जोडलेले, काटे झिजलेले दाणे बरेच निघतात; म्हणून साडेतीन किलो आणा आणि दोन चाळण्यांनी निवडून घ्या. वरच्या चाळणीत राहिलेला मोठा दाणा मुकुटाला आणि पदकाला, मधला हाराला आणि बांगड्यांना, खाली पडलेला बारीक नथीला आणि कानातल्यांना. एका सरीत दोन मापांचे दाणे आले की हार वाकडा लोंबतो. नमुन्यात डावीकडे तेच झालंय.

मुकुटाच्या मधल्या फुलासाठी मात्र घरचा हलवा करा, तेवढ्यानं सेट उठून दिसतो. अर्धी वाटी भाजलेले तीळ. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घालून उकळायचं, उकळी आली की दोन चमचे दूध घालून वर येणारी मळी काढायची आणि पाक गाळायचा. एकतारीच्या जरा अलीकडेच गॅस बंद कर. तीळ जाड बुडाच्या पसरट भांड्यात अगदी मंद आचेवर ठेव, चहाचा एक चमचा पाक सोड, बोटांनी हलकेच फिरवत राहा, दाणे कोरडे सुटे झाले की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो, काटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरतो. रात्री पातळ कापड टाकून ठेवायचं. आच वाढली तर पाकाची भुकटी होते आणि तळाला साचते. ती चाळून टाकल्याशिवाय पुढचा पाक घालू नकोस, नाहीतर दाणा खरखरीत होतो आणि काटा येत नाही. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांना धरतात. जोरात घोळलंस तर आलेला काटाही झिजतो, आणि घाईचा माणूस नेमकं तेच करतो (तू!). ढगाळ हवेत बसूच नका. या कामाला कोरडी थंडी लागते.

रंगीत हलवा टाळा. नवरीच्या काळ्या साडीवर रंग लागला तर दिसत नाही, बाळाच्या झबल्यावर लगेच दिसतो. रंग हवाच असेल तर तो जरीत आणि कापडात आणा.

अंगाला लागणाऱ्या बाजूकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. गळ्याचा घाम तन्मणीच्या आणि मंगळसूत्राच्या मागच्या बाजूनं आत शिरतो, म्हणून या दोन्हींना मागे सॅटिनची पट्टी शिवा. नथीला श्वासाची वाफ लागते. नाकाजवळ साधे मोतीच ठेवा, हलव्याचे दोन-तीन दाणे बाहेरच्या कडेला बांधा, आणि नथ चापाची करा, कारण बहुतेक मुलींचं नाक टोचलेलं नसतं. बांगड्यांचं माप विचारताना घोळ होतो. २.६ म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, साधारण ६० मिलिमीटर आतला व्यास. त्यावर रिबीन गुंडाळली की आतली जागा कमी होते. म्हणून गिऱ्हाईक २.६ म्हणालं की २.८ चा साचा घ्या. कंबरपट्ट्याला माप नकोच, दोन्ही टोकांना हातभर रिबीन ठेवा.

बाळाचा सेट म्हणजे नवरीच्या सेटाची छोटी आवृत्ती समजू नका. बोरन्हाणात मूल दागिना हातात घेतं आणि सरळ तोंडात घालतं. त्यामुळे टाचणी नको, तार नको, टिकल्या-चमकी नको, ग्लू तर अजिबात नको. सगळं दोऱ्यानं बांधलेलं हवं आणि प्रत्येक दाणा ओढून पाहिलेला. गळ्यातला हार मागे वेल्क्रोच्या छोट्या तुकड्यानं जोडा, म्हणजे कुठे अडकला तर आपोआप सुटेल. मुकुटाला मागे इलॅस्टिक लावा. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण ४५-४६ सेंटिमीटर असतं. डब्यावर ‘शोभेसाठी, खाऊ नये’ असं स्पष्ट लिहा. खायचा हलवा वेगळ्या पुडीत विकणार असाल तर अन्नपदार्थांची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही.

वेळेचा हिशेब तुम्ही मांडलेलाच नाही. एक दाणा नीट बांधायला २० सेकंद धर. ६०० दाण्यांचे ३ तास २० मिनिटं होतात. पुठ्ठे कापणं, कापड चढवणं, शिवणं यांत १ तास २० मिनिटं, पॅकिंगला २०. सेटला पाच तास, चाळीस सेटांना २०० तास. दोघं मिळून रोज आठ तास बसलात तरी २५ दिवस. संक्रांतीच्या आठ दिवस आधी शेवटचं पार्सल निघायला हवं, म्हणजे बांधायला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तरी बसावं लागेल. हलवा त्याआधी निवडून तयार पाहिजे. नोकरी सांभाळून रोज आठ तास कुठून आणणार, ते तुम्ही बघा. मला वीस सेट खरे वाटतात.

किंमत तू ९०० धरली आहेस. सामान २२०, डबा ६०, पाच तासांची मजुरी तासाला १०० प्रमाणे ५००, असे ७८० झाले. मोडतोडीचे दहा टक्के धरून ८५८. त्यावर पंचवीस टक्के नफा धरला तर १०७२. आणि दुकानदार तीस टक्के कमिशन मागतोय, म्हणून तू १०७२ वर तीस टक्के चढवून १३९४ करशील. तिथे फसशील, कारण तो तीस टक्के १३९४ वर कापणार आणि तुझ्या हातात ९७६ येणार. १०७२ ला ०.७ नं भाग. दुकानातली किंमत १५३१ यायला हवी. ९०० ला दुकानात ठेवलास तर ६३० मिळतील, म्हणजे मजुरीतलेच दीडशे गेले.

नवरीचे सेट संक्रांतीबरोबर संपतात, बोरन्हाणाचे मात्र रथसप्तमीपर्यंत जातात. संक्रांत सूर्याची, रथसप्तमी तिथीची. म्हणून मधलं अंतर दर वर्षी वेगळं. २०२४ ला १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असे ३२ दिवस मिळाले, २०२५ ला २१, आणि २०२६ ला १४ ते २५ जानेवारी, अवघे ११. बाळांचे सेट किती करायचे हे पंचांग उघडून ठरवा. उरलेला माल पुढच्या वर्षी चालत नाही, हलवा पिवळा पडतो. सरी कापून टाकायच्या, पुठ्ठे जपून ठेवायचे. पुठ्ठ्यावर सरी शिवून घ्या म्हणते, त्याचं हेही एक कारण.

पॅकिंगला कापूस वापरलायस, त्याचे धागे काट्यांत अडकलेत. बटर पेपर घाल, प्रत्येक दागिना कार्डावर दोन टाक्यांनी बांध, डबा हवाबंद ठेव आणि सिलिका जेलची पुडी झाकणाला आतून चिकटव. बाळाच्या सेटात ती पुडी ठेवूच नकोस. फ्रीजमध्ये ठेवायचा शहाणपणा करू नका, बाहेर काढताच दव धरतं. परदेशातल्या ऑर्डरींना साखरेऐवजी मण्यांचा सेट करा आणि तसं आधीच कळवा.

दोन चाळण्या आणि काळ्या मखमलीचा एक तुकडा या पार्सलात पाठवतेय. आधी एकच हार बांध आणि रात्रभर स्वयंपाकघरात ओट्याच्या वर टांगून ठेव. सकाळी किती दाणे सैल झाले ते मोजून कळव, मग पुढचं बोलू.

ऋताला आशीर्वाद.
तुझी,
आई