कृष्णऊर्जा दीर्घिकांना ढकलत नाही

संपादक महोदय,
आपल्या रविवार पुरवणीतील विश्वाच्या प्रसरणावरचा लेख मी दोनदा वाचला. मराठीत हा विषय इतक्या आस्थेने मांडला गेल्याचा आनंद झाला. मात्र 'कृष्णऊर्जेचा दाब दीर्घिकांना बाहेर ढकलतो' हे त्यातील विधान चुकीचे आहे (कृष्णऊर्जा, म्हणजे डार्क एनर्जी, ही प्रसरणाचा वेग वाढण्यामागे मानलेली अज्ञात स्वरूपाची ऊर्जा; दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह), आणि विषयाचा गाभाच तिथे असल्यामुळे ते दुरुस्त व्हायला हवे.

विश्वाचे गणित मांडताना त्यातील पदार्थ आणि ऊर्जा सर्वत्र सारख्या पसरलेल्या द्रायूप्रमाणे, म्हणजे द्रवासारखी किंवा वायूसारखी, धरतात आणि घनता व दाब या दोन राशींवर हिशेब चालवतात. आता दाब ढकलतो केव्हा? आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर हे डोळ्यांना दिसते. पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की एका अंगाला पाणी तुंबते, दुसऱ्या अंगाला पात्र उतरलेले असते आणि बरग्यांच्या फटींतून चिळकांड्या उडतात. हा जोर दोन बाजूंच्या दाबातील फरकाचा असतो. महापुरात बंधारा बुडून दोन्हीकडची पातळी जवळपास एक झाली की, प्रवाहाचा मारा सोडल्यास, तो जोर उरत नाही. विश्वात तर दाब सगळीकडे सारखाच मानलेला आहे. मग तो दीर्घिकांना ढकलणार कसा?

परिणाम घडतो तो गुरुत्वाकर्षणातून. आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तानुसार वस्तुमानाप्रमाणे दाबही गुरुत्वाकर्षणात भर घालतो, आणि प्रसरण मंदावणार की वेग घेणार हे ऊर्जेची घनता अधिक तिप्पट दाब या बेरजेवर ठरते. कृष्णऊर्जेचा दाब ऋण असतो. ताणलेल्या रबरासारखा तो खरे तर आत ओढणारा आहे. पण तो घनतेच्या एक तृतीयांशाहून अधिक ऋण झाला की ती बेरीजच ऋण होते, गुरुत्वाकर्षणाचा परिणाम उलटतो आणि प्रसरणाचा वेग वाढू लागतो. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून ही वाढ प्रथम लक्षात आली. हा ऋण दाब नेमका घनतेइतका असेल, तर विश्व कितीही विस्तारले तरी कृष्णऊर्जेची घनता विरळ होत नाही.

प्रवाहाच्या भाषेत प्रसरण मांडणारे मूलभूत समीकरण भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह ऋण ऊर्जेच्या क्षेत्रावर काम केलेले जयंत नारळीकर तर १९३८ मध्ये कोल्हापुरातच जन्मले. या गावच्या वाचकांपर्यंत तरी हा विचार अचूक पोहोचावा, असे मनापासून वाटते.

माझ्या नववीतल्या नातीने ते वाक्य विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतले होते. काल आम्ही दोघांनी बसून ते बदलले. येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, कोल्हापूर