कुठल्याच गावात न मेलेलं बाळ : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार.

मी झरी जामणी तालुक्यातली आशा, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती. पत्र मानधनाचं नाही, ती तुमच्याकडे ढिगाने असतील.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गावातली एक सून कोरपना तालुक्यात गेली. नऊ महिने तिच्या तपासण्या माझ्या वहीत. तिकडे बाळ झालं, 1700 ग्रॅमचं. नागपूरला हलवलं, नवव्या दिवशी गेलं. मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदतात, म्हणून दाखला नागपूरचा. तिकडच्या आशाच्या लेखी ती पाहुणी, माझ्या वहीत शेरा ‘माहेरी गेली’. कापूस वेचायच्या दिवसांत ती परतली. मी हसत विचारलं, बाळ कुठंय? म्हणाली, “तुमाले कोनं सांगतलं नाही का ताई?”

ते बाळ ना तिच्या माहेरी मेलं, ना सासरी.

2020 च्या केंद्राच्या नमुना नोंदणीत (SRS) राज्याचा अर्भकमृत्यू दर, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत गेलेली बाळं, 16 होता, देशाचा 28. चांगलंच आहे. पण त्या नोंदणीतून जिल्ह्याचा दर निघत नाही, तालुका तर दूरच. पुण्यातलं बाळ आणि आमच्या कोलाम पोडावरचं, आदिवासी पाड्यावरचं, बाळ एकाच सोळात बसतं.

वजनाचंही सांगते. झोळीच्या काट्यावर 2400 दिसतं, वहीत 2500 जातं. 2500 च्या खाली लिहिलं की बाळ ‘कमी वजनाचं’, मग वरून फोन, “तुमच्याकडेच कशी काय?” मीही लिहिलंय तसं. खोटं कशाला बोलू?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आमच्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंतच्या गृहभेटींचं मूळ तेच. लोकांना ‘सर्च’च्या कामातली, बाळांना घरीच दिलेली इंजेक्शनं आठवतात. मला त्यांची मोजणी मोठी वाटते: गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू शोधून लिहायचा, मग बोलायचं.

तुम्हाला नवा सर्व्हेही नको. नोंदणीच्या अर्जात राहण्याचा पत्ता असतोच. नागपूर, अमरावतीच्या दवाखान्यांत गेलेली बाळं त्या पत्त्यावरून आपापल्या तालुक्याच्या हिशेबात आणा. दरवर्षी तालुकावार आकडे छापा, आदिवासी आणि बाकीचे वेगळे दाखवून, जन्माच्या वजनासकट. माहेरी गेलेल्या बाईची खबर तिकडच्या आशाला त्याच दिवशी जाईल, एवढी सोय करा.

पहिल्या वर्षी आमच्या तालुक्याचा आकडा वाढेल. तेव्हा कोणाला नोटीस काढू नका. काढलीत, तर दुसऱ्या वर्षी सगळी बाळं पुन्हा 2500 ग्रॅमची होतील.

आपली,
एक आशा,
ता. झरी जामणी, जि. यवतमाळ