पाणी काळं पडलं तेव्हा

मिसिसागा, कॅनडा, ४ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

फोनवर तू रागावलास त्याचं मला वाईट वाटलं नाही. "घरी बायको-पोरं असताना एकटाच कशाला गेलास?" हा तुझा प्रश्न खरा आहे. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मी होडी घेऊन गेलो होतो ते अल्गॉनक्विन इथून तीनेक तासांवर आहे. १८९३ सालापासून राखलेलं हे जंगल साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आपला अख्खा सिंधुदुर्ग त्यात ठेवला तरी वर जागा उरेल. दक्षिणेकडून एक हमरस्ता जातो, पण आतला प्रवास बहुतेक सगळा पाण्यावरून. एक तळं संपलं की होडी खांद्यावर उलटी घ्यायची, पिवळी पाटी शोधायची, जंगलातून चालत पुढच्या तळ्याला लागायचं. याला पोर्टेज म्हणतात. कनू लेक आणि जो लेक या दोन तळ्यांच्या मधलं पोर्टेज २९५ मीटरचं. आकडा छोटा आहे, पण सामानासाठी दुसरी फेरी मारली की खांदे बोलायला लागतात. इथले मूळ लोक, अनिशिनाबे, बर्चच्या सालीची होडी करत आणि तिच्या सांध्यांना स्प्रूसची राळ लावत. उचलून नेता येईल अशी होडी का बनवली, ते त्या चढावर मला पाठीनं समजलं.

या होडीला, म्हणजे कनूला, आपल्यासारखी उलांडी (तोल सांभाळणारं बाजूचं लाकूड) नसते. शिवाय मी एकटा. मागे बसलो तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठते आणि वारा तिला धरून होडी फिरवतो. म्हणून मधल्या आडव्या दांड्याच्या जरा मागे गुडघ्यांवर बसायचं आणि पिशवी पुढे सारायची. वल्हं एकच, तेही एकाच बाजूला. प्रत्येक ओढीच्या शेवटी मनगट वळवून पाणी किंचित बाहेर ढकललं नाही तर होडी गोल फिरते. पहिल्या दिवशी हे सगळं छान जमलं. ऊन होतं, नैर्ऋत्येचा वारा पाठीशी होता, मी नुसत्या शर्टावर होतो. दोन्ही काठांना मेपल लालभडक झाले होते. जो, टीपी, लिटलडो करत संध्याकाळी टॉम थॉमसन लेकवर पोचलो. नारिंगी पाटीची जागा पाहून तंबू ठोकला, अस्वलांच्या हाती लागू नये म्हणून शिधा दोरीनं लांबच्या झाडावर टांगला. अंधार पडल्यावर लून पक्षी ओरडला. त्या आवाजाला मराठीत शब्द नाही रे. कुणीतरी लांबून साद घालावी आणि कुणाला ते कळू नये, तसं काहीसं.

रात्री मेघ गडगडले, वारा फिरला. सकाळी तो वायव्येकडून येत होता आणि श्वासाची वाफ दिसत होती. दहा वाजता पाऊस, अकराला बर्फाचे बारीक कण ताडपत्रीवर तडतडत होते, बाराला लख्ख ऊन, साडेबाराला पुन्हा अंधारून आलं. आपल्याकडे खारे वारे, मतलई वारे वेळेवर येतात-जातात, पावसाळासुद्धा आधी सांगून येतो. इथलं सप्टेंबरअखेरचं आभाळ एका दुपारीत चार ऋतू दाखवतं.

तीनच्या सुमारास वारा पडला. सोमवारी कामावर जायचं होतं, मनात घाई होती. सामान भरलं आणि निघालो. काठाच्या टेकाडाचा आडोसा संपला त्या जागी मला समोरच्या पाण्यावर एक काळा पट्टा दिसला, म्हणजे जोराचा वारा पाण्यावरून येत होता. आणि बंड्या, देवाशपथ, तुझ्या आबांचा आवाज ऐकू आला. "पाणी काळा पडला काय काठ धर." खाडीच्या तोंडाशी आपण दोघं दहा-बारा वर्षांचे, ते मागून ओरडले होते, आठवतं?

पट्टा पोचायच्या आत वळायचं होतं. होडी आडवी झाली त्या क्षणी एक लाट काठावरून आत आली आणि मांड्या भिजल्या. ते पाणी इतकं गार होतं की श्वास छातीतच अडकला. लाइफ जॅकेट अंगात होतं, पण बर्फगार पाण्यात पडल्यावर हातपाय नीट चालायला दहाएक मिनिटंच मिळतात, हे मी शिकून आलो होतो. मग खाली वाकून, वल्ह्याच्या छोट्या छोट्या ओढी मारत, नाळ वाऱ्यावर धरून काठ गाठला. अंतर दोनशे मीटरही नसेल. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

त्या रात्री कोरडे कपडे घालून, डाळ-भात शिजवून, मी तिथेच राहिलो. कामाचं काय ते नंतर बघू म्हटलं.

तळ्याला ज्याचं नाव आहे तो टॉम थॉमसन चित्रकार होता. वहीच्या पानाएवढ्या छोट्या फळ्यांवर तो याच आभाळाची चित्रं रंगवायचा. १९१७ च्या जुलैत तो एकटा होडी घेऊन कनू लेकवर निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा देह पाण्यात सापडला. वय ३९. नक्की काय झालं यावर अजून वाद आहेत. होडी उत्तम हाकणारा माणूस होता तो.

तिसऱ्या दिवशी पहाटे वारा नव्हता. हवेपेक्षा पाणी उबदार होतं, त्यामुळे तळ्यावर धुकं उभं होतं आणि मला माझ्या होडीची नाळसुद्धा धूसर दिसत होती. वल्ह्यावरून थेंब पडायचे तेवढाच आवाज. परतीत कनू लेकच्या उत्तर टोकाला थॉमसनच्या स्मरणार्थ रचलेला दगडांचा चौथरा आहे, तिथे थांबलो. बराच वेळ थांबलो.

आता तुझा प्रश्न. घरात, कामात, माझ्या प्रत्येक निर्णयात दुसरं कुणीतरी असतं, आणि ते मला हवंही आहे. पण त्या दुपारी पुढे जायचं की वळायचं हे फक्त मला ठरवायचं होतं, आणि मी वळलो. आबांनी शिकवलेलं माझ्यात अजून आहे की नाही, हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. ते गेले तेव्हा मला येता आलं नाही, ते अजून सलतं.

त्यांची होडी तू विकू नकोस. डागडुजीला जे लागेल ते पाठवतो. डिसेंबरात येतोय, तोवर तिला शेडात घे आणि वल्हं काढून घरात ठेव, नाहीतर वाळवी लागेल.

काकींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळ्या